लेखक स्वतःच्या वाट्याला काय ठेवतो

प्रति,
माननीय संपादक,

विषय : गिरीश कुलकर्णी यांच्यावरील लेखासंबंधी

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अभिनेते गिरीश कुलकर्णी यांच्यावर छापून आलेला लेख वाचला. लेखाचा सूर कौतुकाचाच होता. मात्र त्यात त्यांची ओळख ‘हिंदीतही चमकलेला मराठी चरित्र अभिनेता’ अशी करून देऊन, हिंदी चित्रपटांतील पोलीस, मंत्री आणि कुस्तीचा प्रशिक्षक या भूमिकांवर पाऊण लेख खर्ची घातला आहे, आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात ‘त्यांना लेखन-दिग्दर्शनाचीही आवड आहे’ असे एक वाक्य टाकून विषय संपवला आहे. आवड पहाटे फिरायला जाण्याची असते, फार तर गुलाबाची कलमे करण्याची असते. ‘वळू’, ‘देऊळ’, ‘हायवे’ ज्याने लिहिले त्याच्या लेखनाला आवड म्हणणे हे रंकाळ्याला डबके म्हणण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की, या माणसाचा अभिनय त्याच्या लेखनापासून सुटा काढून दाखवताच येत नाही, आणि तो तसा काढला की हाती केवळ भूमिकांची यादी उरते.

‘वळू’ 2008 साली आला. दिग्दर्शन उमेश विनायक कुलकर्णी यांचे, लेखन गिरीश कुलकर्णी यांचे. गावात मोकाट फिरणारा एक वळू आणि त्याला पकडायला आलेला वन अधिकारी, एवढाच जीव असलेली ती गोष्ट. स्वतःच लिहिलेल्या चित्रपटात नट म्हणून काम करायचे असेल, तर सगळ्या चांगल्या जागा आपल्याकडे ओढण्याचा मोह कोणालाही व्हावा. येथे अधिकारी झाले अतुल कुलकर्णी, सरपंच झाले मोहन आगाशे, आणि लेखक महाशय गावातल्या माणसांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा लेखक कोण हे मला ठाऊक नव्हते, आणि पडद्यावरून ते ओळखूही आले नसते.

2011 च्या ‘देऊळ’मध्ये हीच रीत अधिक ठसठशीत दिसते. आम्हां कोल्हापूरकरांना तो चित्रपट जरा जवळून लागतो, कारण दत्त आणि औदुंबर म्हटले की आमची एस.टी. थेट नृसिंहवाडीला जाते. वाडीच्या पेढे-बासुंदीच्या आणि कवठाच्या बर्फीच्या दुकानांच्या रांगेतून पादुकांकडे जाताना भक्ती कोठे संपते आणि बाजार कोठे सुरू होतो, हा प्रश्न माझ्या पिढीतील अनेकांना पडलेला आहे, फक्त तो मोठ्याने विचारायची आमची छाती होत नाही. हरवलेली करडी गाय शोधता शोधता उंबराखाली झोपलेल्या केश्याला दत्ताचा दृष्टान्त होतो, दवाखान्याचे बेत बाजूला पडतात, देऊळ उभे राहते आणि गावाचा नूर पालटतो. यात बोलण्याची सगळी ऐट नाना पाटेकर यांच्या भाऊ गलांडे यांना दिलेली आहे, विचाराचे बोलणे दिलीप प्रभावळकर यांच्या अण्णांना दिलेले आहे, आणि लेखकाने स्वतःसाठी ठेवला तो धड मांडून बोलता न येणारा केश्या. ज्याने सगळ्यांची वाक्ये लिहिली, त्याच्याच पात्राची जीभ अडखळते. भोवती देवाचा व्यवहार वाढत जातो तसा केश्याचा चेहरा गोंधळत जातो, आणि दृष्टान्त ज्याला झाला तोच देवळाच्या रांगेत परका होतो, हे कुलकर्णी यांनी फारसे न बोलता दाखवले आहे. 59 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळाला, तर कुलकर्णी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट संवाद असे दोन पुरस्कार मिळाले. आपल्या लेखात त्यांपैकी पहिलाच नोंदवला आहे.

दुसऱ्याने लिहिलेल्या भूमिकेतही त्यांच्यातला लेखक गप्प बसत नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मधला विदर्भातला शेतकरी किसना आठवावा. नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते आणि त्या बापड्याला मात्र काळजी आहे ती पेरणीची, पावसाची. कोल्हापुरात बसून हा चित्रपट पाहणाऱ्याला बाबूराव पेंटर यांचा 1925 सालचा ‘सावकारी पाश’ आठवल्यावाचून राहत नाही. या गावात तयार झालेल्या त्या मूकपटात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते, जे पुढे दिग्दर्शक म्हणून सर्वांना ठाऊक झाले. एकाच माणसाने तोंडाला रंग लावावा आणि कॅमेऱ्यामागेही उभे राहावे, याचे आमच्या गावाला कधी नवल वाटले नाही. राजा परांजपे यांनीही दिग्दर्शन करता करता स्वतःच्या चित्रपटांतून भूमिका केल्या आणि त्यांना कोणी ‘अभिनयाचीही आवड असलेले’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हिंदीतील कामांपैकी अनुराग कश्यप यांच्या ‘अग्ली’तील इन्स्पेक्टर जाधवचा आपल्या लेखात एका शब्दाने उल्लेख आहे. त्यातला एकच प्रसंग सांगतो. मुलगी नाहीशी झाली म्हणून घायकुतीला आलेला बाप मित्राला घेऊन पोलीस ठाण्यात आला आहे, आणि हा जाधव फोन आला की पडद्यावर फोन करणाऱ्याचा फोटो कसा काय दिसतो, या गोष्टीतच अडकून पडतो. प्रसंग संपता संपत नाही. प्रेक्षागृहात आधी हशा पिकला, मग तो आपोआप विरला आणि माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. सरकारी कचेरीत आपले काम घेऊन गेलेल्या प्रत्येक माणसाने टेबलापलीकडचा तो संथपणा सोसलेला असतो. कुलकर्णी आवाज चढवत नाहीत, दरडावत नाहीत, त्यांची उत्सुकता अगदी खरी वाटते आणि म्हणूनच ती क्रूर होते. वाक्य कोठे रेंगाळू द्यायचे हे ज्याला लिहिताना कळलेले असते, त्यालाच हे असे बोलता येते.

‘दंगल’मधील प्रशिक्षकाविषयी मात्र आमच्या पेठेत मतभेद आहेत. मी तो चित्रपट शेजारच्या एका निवृत्त पैलवानांबरोबर पाहिला. तरुणपणी खासबागेत कुस्त्या केलेले हे गृहस्थ शेवटी शेवटी जागीच धुमसत होते आणि ‘वस्ताद असला नसतो हो, पोरीच्या बापाला कोंडून घालतोय म्हणजे काय!’ असे घरी पोहोचेपर्यंत ऐकवत राहिले. मला त्यांचे म्हणणे पटते. ते पात्र कागदावरच एकरंगी लिहिलेले आहे, आणि कागदावर जे नाही ते नटाने कोठून आणावे? तरीही चेहऱ्यावरचा तो तृप्त, थोडा हिणकस अहंभाव पाहून एक पैलवान तीन दिवस अस्वस्थ राहिला, हे नटाचे काम नाही तर काय? आपल्या लेखात नेमकी हीच भूमिका कारकिर्दीचे शिखर म्हणून दाखवली आहे. शिखर म्हणण्याजोगे तिच्यात कुलकर्णी यांचे स्वतःचे असे फार थोडे आहे.

आता दिग्दर्शनाविषयी. 2016 साली त्यांनी ‘जाऊं द्या ना बाळासाहेब’ लिहिला, दिग्दर्शित केला आणि प्रमुख भूमिकाही स्वतःकडे घेतली. पुढाऱ्याच्या घरातला, सगळे आयते मिळालेला मुलगा नाटकाच्या नादी लागतो आणि स्वतःकडे पाहू लागतो, ही कल्पना मला फार आवडली होती, कारण असे बाळासाहेब आमच्याकडे दर तालुक्याला दोन-चार सापडतात. अजय-अतुल यांच्या संगीतातले ‘डॉल्बीवाल्या’ तर त्यानंतर आमच्या मिरवणुकांत इतके वाजले की, गाण्यातला टोमणा कोणाला उद्देशून आहे हे नाचणाऱ्यांना कधी कळलेच नाही. परंतु चित्रपट म्हणून तो मला पसरट वाटला. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच झाला की ‘हे कापा’ असे सांगणारे कोणी उरत नाही. उमेश कुलकर्णी दिग्दर्शक असताना जो लेखक स्वतःला कडेला ठेवत होता, तो येथे सतत मध्यभागी आहे आणि त्याला तेथे अवघडल्यासारखे होत असावे, अशी मला तरी शंका येते. असे असूनही त्यांनी दिग्दर्शन पुन्हा करावे असे मला वाटते, फक्त त्या वेळी नायक दुसरा कोणी असावा आणि त्यांनी आपल्यासाठी एखादा केश्या लिहावा.

लेखासाठी जागा अपुरी असते, याची मला कल्पना आहे. परंतु ‘फास्टर फेणे’मधील खलनायक आणि ‘सेक्रेड गेम्स’मधील मंत्री यांच्या छायाचित्रांना अर्धे पान मिळते, तेव्हा ‘देऊळ’च्या संवादांसाठी चार ओळी निघायला हरकत नव्हती.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेखात ‘विहीर’ या चित्रपटाच्या लेखनाचे श्रेय एकट्या कुलकर्णी यांना दिले आहे. ते त्यांचे आणि सती भावे यांचे मिळून आहे, तेव्हा पुढील अंकात तशी नोंद करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर