काकू, डिग्रीच्या आधी तुम्ही काम विचारलंत

आदरणीय काकू,
सा. न.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बारावीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी पुढे काय शिकायचं, हाच प्रश्न पडतो, आणि प्रत्येकाच्या वरच्या मजल्यावर तुमच्यासारख्या काकू राहत नाहीत.

आमच्याकडे तेव्हा एकच चर्चा होती: सायन्स केलंय, तर पुण्याला इंजिनिअरिंग. मला जाहिरातीत जायचं होतं. कोणती डिग्री घेऊ, असं मी विचारलं, तर तुम्ही उलट विचारलंत, "जाहिरातीत जाऊन काम कोणतं करायचंय?" मला उत्तर सुचेना. तुम्ही रद्दीतून गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतला एक पेपर काढलात. त्यात साडीच्या दुकानाची जाहिरात होती. हातात फूटपट्टी देऊन तिची लांबी-रुंदी मोजायला लावलीत, चौरस सेंटिमीटरचा दर धरून हिशेब करायला लावलात. मग एकेका गोष्टीवर बोट ठेवत गेलात. ही वरची ओळ कॉपीरायटरची. ही मांडणी आणि हा फोटो आर्ट डायरेक्टरचा. दुकानदाराचं म्हणणं ऐकून घेऊन एजन्सीत आणणारा क्लायंट सर्व्हिसिंगचा माणूस. आणि जाहिरात यात्रेच्याच आठवड्यात का, फक्त सोलापूर आवृत्तीत का, याच पानावर का, हे ठरवतो तो मीडिया प्लॅनर. मी त्या शेवटच्या माणसाबद्दलच विचारत राहिले. तुमच्या ते लगेच लक्षात आलं.

त्यानंतर डिग्रीची निवड फार सोपी झाली. चित्रकलेत हात चालणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तुम्ही उपयोजित कलेचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, सुचवलंत, कारण मुंबईच्या जे. जे.सारख्या ठिकाणी ती चार वर्षं हातानं काम करत शिकणार होती. लिहायची ओढ असेल त्यानं मुंबई विद्यापीठाचं बीएएमएमसी, म्हणजे माध्यमांची पदवी, बघावं, तेच जे पूर्वी बीएमएम म्हणून ओळखलं जायचं. पण नावावर न जाता तिसऱ्या वर्षाचे विषय वाचावेत, असं सांगितलंत. आणि मला म्हणालात, "तुला आकडे आवडतात. स्टॅटिस्टिक्स घे. इथंच राहून घे."

हे "इथंच" आमच्या घरासाठी फार मोठं होतं. बाबा टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करणारे जॉबर. मुंबईचं हॉस्टेल, मेस, फी यांचा हिशेब त्यांनी मनात किती वेळा केला असेल! जाहिरात आणि माध्यमं शिकवणाऱ्या संस्था, अहमदाबादची मायका असो, दिल्लीची आयआयएमसी असो की आपल्याच सोलापूर विद्यापीठातलं मास कम्युनिकेशनचं एमए, पदव्युत्तरला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणजे पहिल्या तीन वर्षांसाठी कर्ज काढायची गरज नाही. हे तुम्ही बाबांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत समजावलंत. त्या रात्री ते पोटभर जेवले.

एका खासगी संस्थेचा माणूसही त्याच सुमारास चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला होता. शंभर टक्के नोकरीची हमी, प्रवेश आजच घ्या. तुम्ही त्याला शांतपणे विचारलंत: पदवी कोणत्या विद्यापीठाची? मागच्या बॅचची मुलं आज कोणत्या पदावर आहेत? पहिल्याच प्रश्नाला त्याची गाडी अडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, तसा दर्जा मिळालेल्या किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. बाकीच्यांचं ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वाईट नाही, पण त्यावर पुढे पदव्युत्तरला प्रवेश मिळत नाही. हे प्रत्येक पालकानं विचारायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. याची मला लाज वाटायची. तुम्ही म्हणालात, "अगं, सोलापूरच्या बाजारात कोण कोणत्या भाषेत भाव करतं हे तुला पाठ आहे. मुंबईत बसून हे कळत नाही." आता पुण्यात एजन्सीच्या मीडिया विभागात ट्रेनी आहे. टीव्हीवर कोण काय किती बघतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात, त्यांत कोणत्या भागात काय बघितलं जातं हे मी शोधत बसते. परवा एका क्लायंटसाठी आषाढीच्या काळातलं पंढरपूरचं नियोजन करताना, सोलापूर जिल्ह्याबद्दल साहेबांनी आधी मला विचारलं. तुमची फार आठवण झाली.

सासूबाईंच्या आजारपणात रात्र-रात्र जागूनही माझ्यासाठी तुम्ही वेळ काढलात. औषधाच्या वेळा सांभाळत मला अभ्यासक्रम वाचून दाखवलेत. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच सुचत नाही.

चुलतभाऊ यंदा बारावीला आहे. कॅमेऱ्याचं वेड आहे, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, एफटीआयआय म्हणतो. तिथं सिनेमॅटोग्राफीला आधी पदवी लागते, एवढं मी त्याला सांगितलंय. पदवी कशातली घ्यावी हे विचारायला तो रविवारी तुमच्याकडे येईल. आईनं त्याच्याबरोबर शेंगाचटणी पाठवलीय, ती ठेवून घ्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची