गोधडीला ‘टाकाऊतून टिकाऊ’मध्ये बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका महिला प्रदर्शनात मी माझी गोधडी ठेवली होती. १६९ चौकोनांची, सगळी हातशिलाईची. सकाळी मांडायला गेले तर टेबलावर आधीच कार्ड लावलेलं होतं, ‘टाकाऊतून टिकाऊ’. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला करवंटीचे दिवे. त्या वस्तू करणाऱ्या बायकांनीही मन लावून केल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परीक्षक बाईंनी गोधडीवरून हात फिरवला आणि अगदी कौतुकानं म्हणाल्या, “वा, चिंध्यांचं सोनं केलंत!” मला दुसरा नंबरही मिळाला. तिथं मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र तो शब्द काही केल्या जाईना.

चिंध्या नव्हत्या हो त्या. मंगळवार पेठेत मी एकतीस वर्षं ब्लाऊज शिवले. बाही आणि गळा कापून झाला की टू बाय टूची, खणाची, पॉपलिनची कातरण उरते. गिऱ्हाइकाला विचारायचं, नको म्हणाल्या की रंगवार लावून पत्र्याच्या डब्यात ठेवायची, ही माझी पहिल्या दिवसापासूनची सवय. कोरं, एकदाही अंगाला न लागलेलं कापड ते. त्याला टाकाऊ कुणी ठरवलं?

गोधडीचा नमुना कुठला तेही सांगते. माझ्या भाचीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन गावी संग्रहालय आहे, तिथं जेन स्टिकल नावाच्या बाईंची गोधडी जपून ठेवली आहे. बाई १८१७ सालच्या. गोधडी पुरी झाली १८६३ मध्ये, तिकडं यादवी युद्ध चालू असताना. मधे तेरा ओळी, प्रत्येक ओळीत तेरा चौकोन, एकेक चौकोन साडेचार इंचांचा आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. भोवती त्रिकोणांचा काठ. आणि कोपऱ्यात बाईंनी आपल्या नावाबरोबर लिहून ठेवलंय, ‘युद्धकाळात, १८६३. तुकडे ५६०२.’ काठासकट हिशेब केला तर एकेका चौकोनात, त्रिकोणात सरासरी पंचवीस तुकडे येतात. ती गोधडी वर्षातून थोडेच आठवडे लोकांसमोर मांडतात, उजेडानं रंग उडू नये आणि धागा कमजोर होऊ नये म्हणून. तीही सुती कापडाच्या तुकड्यांचीच आहे. तिला तिथं कुणी चिंध्या म्हणत नाही. बाईंनी तुकडे मोजले होते, आणि टाकायची वस्तू कुणी मोजून ठेवत नाही.

मी जानेवारी २०२२ मध्ये सुरुवात केली. काठाचे त्रिकोण केले नाहीत, त्याऐवजी आईच्या इरकली लुगड्याचा काठ लावला. मधले १६९ चौकोन मात्र सगळे केले. घरात मशीन असताना हातानं का, असं शेजारणी विचारायच्या. मशीनवर इतका बारका तुकडा दाताखाली ओढला जातो आणि वाकडा होतो. हातानं शिवताना दोन टोकं टाचणीनं जुळवून बघता येतात, नाही जुळली तर चार टाके उसवून पुन्हा घेता येतात. जाड पत्रिकांचे साचे कापायचे, पेन्सिलीनं शिलाईची रेघ मारायची, भोवती पाव इंच शिलाईला सोडायचं, मग कापायचं. चौकोन साडेचार इंच भरला पाहिजे म्हणजे भरलाच पाहिजे. ज्यांनी शिवलंय त्यांना कळेल. एका चौकोनात अर्धं सूत चुकलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तर ओळीच्या शेवटी साडेसहा सूत फरक पडतो, म्हणजे पाऊण इंचाच्या वर. माझी तिसरी ओळ अशीच पाऊण इंचानं लांब झाली. ती पूर्ण उसवली आणि नव्यानं जोडली, त्यात पावसाळ्याचे दीड महिने गेले.

त्यातला एक पाकळ्यांचा चौकोन तर तीन वेळा बिघडला. पाकळीची बाहेरची कड आणि तिच्या बाजूचा आत वळलेला तुकडा, दोन्ही गोल, पण उलटसुलट गोल. सपाट ठेवून शिवलं की चुणी पडायची. चौथ्या दिवशी लक्षात आलं, अगं, हे तर मुंढ्यात बाही बसवण्यासारखं आहे! आत वळलेल्या तुकड्याला शिलाईच्या रेघेपर्यंत न जाता बारीक कात्रे दिले, दोन्हीचे मध्य टाचले, आणि मधून एका टोकाला, पुन्हा मधून दुसऱ्या टोकाला असं शिवत गेले. बसला. एकतीस वर्षं जे हात करत होते ते इथं उपयोगाला आलं. याला मी कौशल्य म्हणते, आणि हेच त्या कार्डावर कुठं दिसत नव्हतं.

एक चूक मात्र माझीच. लाल खण आधी पाण्यात भिजवून घेतला नाही. पहिल्या धुण्यात रंग उतरला आणि शेजारच्या चार चौकोनांत गुलाबी डाग पडले. ते तसेच आहेत.

चौकोन जोडून झाले की खरी गोधडी पुढं सुरू होते. वरचा थर, मधे आईची दोन मऊ लुगडी, खाली जाड पांढरं कापड. हे खालचं कापड माझ्या वडिलांनी आणलेलं, शाहू मिलमधून. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली ही मिल, वडील तिथं कामाला होते. तिन्ही थर जमिनीवर ताणून कच्चा टाका घातला, मग बुटकी सुई घेऊन धावदोरा. उजव्या मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची धातूची टोपी. डावा हात कापडाखाली, सुईचं टोक त्या हाताच्या बोटाला टोचल्याशिवाय टाका तिन्ही थरांतून गेला हे कळत नाही. सुरुवातीला इंचाला पाच टाके पडायचे, शेवटी आठ पडू लागले. डाव्या तर्जनीला अजून घट्टा आहे. हे टाके घालायला चौदा महिने लागले.

माझं माहेर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आई लुगडं नेसून नेसून मऊ झालं की उन्हात धरून बघायची आणि म्हणायची, “आता हे वाकळंला आलंय.” पेरू पाडाला आला म्हणावं तसं. लुगडं जुनं होणं म्हणजे वाया जाणं असं तिला कधी वाटलंच नाही. कोरं कापड अंगाला टोचतं, बाळाला तर नकोच, म्हणून ते नेसून नेसून मऊ करायचं आणि मग वाकळंत घालायचं. कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन घेत ती मध्यावर यायची. वरचा थर विरला की नवा थर घालून पुन्हा टाके. आतलं लुगडं आजीचं, वरचं आईचं, असं चालायचं.

२०१९ च्या महापुरात चिखलीत घराघरांत पाणी शिरलं हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर भावाच्या घरातल्या नऊ वाकळा चिखलानं जड झाल्या होत्या. माणसं दमलेली, घरात वास, पुढं काय वाढून ठेवलंय कळत नाही. त्या ट्रॉलीत भरून कचऱ्याबरोबर गेल्या. मी भावाला दोष देत नाही. पण टीव्ही धुऊन वाळवून बघितला, लाकडी कपाट उन्हात ठेवलं, आणि वाकळ पहिल्या दिवशी गेली. मी पोचले तेव्हा एकच ओसरीवर राहिली होती. ती घरी आणून आधी साध्या पाण्यात चिखल निघेपर्यंत भिजवली, पाणी पाच वेळा बदललं, मग रिठ्यात. पिळली नाही, दोघींनी उचलून तारेवर टाकली आणि चार दिवस उलटसुलट ऊन दिलं. एका कडेचं शिवण गेलं होतं तेवढं घातलं. आजही ती माझा नातू पांघरतो.

म्हणून मला त्या शब्दाची काळजी वाटते. कार्डावर एकदा टाकाऊ लिहिलं की घरातही ती तशीच बघितली जाते. आता दिवाळीपर्यंत शहरात बरीच प्रदर्शनं भरतील. आयोजकांना माझी विनंती आहे की गोधडी आणि वाकळ यांना हातशिलाईचा वेगळा विभाग द्या. कापड कोणतं, थर किती, टाका कसला, वेळ किती लागला, एवढं कार्डावर येऊ द्या. परीक्षणाला सुई धरलेली एक तरी बाई बसवा, तिनं गोधडी उलटी करून मागचे टाके बघावेत. मागची बाजू कुणी बघतच नाही. मशीनची गोधडी वेगळी ठेवा, तिचंही काम आहे, पण दोन्ही एका तागडीत नको. आणि विक्रीला ठेवली असेल तर भाव सांगताना ‘जुन्या कापडाचीच तर आहे’ असं घासाघीस करणाऱ्याला बाजूला घेऊन समजावून सांगा.

पुढच्या वेळी अर्ज भरताना विभागाच्या रकान्यात मी ‘हातशिलाई’ असंच लिहिणार आहे. चौकोन १६९, तुकडे ४०८७, टाके इंचाला आठ. तुकडे मीही मोजलेत.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर