न्यूरेंबर्गहून पत्र : प्रागचे घड्याळ

न्यूरेंबर्ग, जर्मनी
मे महिन्याची अखेर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. शनिवार-रविवारी दीदीबरोबर बसने प्रागला जाऊन आले, हे फोनवर सांगितलेच होते. परंतु त्या बोलण्यात निम्मा वेळ आईच्या काळजीत आणि उरलेला माझ्या घाईत गेला. बाबा, तिथल्या जुन्या घड्याळाच्या मागे चालते काय, असे तुम्ही जे विचारलेत त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आईसाठी आधी प्रवासाचे सांगते. बस शनिवारी पहाटे इथल्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळून सुटली. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि चार तासांच्या आत आम्ही प्रागला पोहोचलो. वाटेत सीमा आली, पण जाताना बस थांबलीसुद्धा नाही. पाट्यांवरची भाषा बदलली, एवढ्यावरूनच देश बदलल्याचे कळले. दीदी, म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी कोलकात्याची मैत्रीण, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि प्रवासाला सरावलेली आहे. आम्ही फक्त मुलींसाठी असलेल्या खोलीत उतरलो होतो आणि ती जागा स्वच्छ होती. जेवणाचे म्हणशील तर तिथे मांसाहार फार. पण चीजचा जाड तुकडा पिठात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, तो उकडलेल्या बटाट्यांबरोबर खाल्ला, आणि पोट व्यवस्थित भरले.

न्यूरेंबर्ग आणि प्राग यांचे नाते फार जुने आहे. इथल्या बाजारचौकातल्या चर्चवर जे घड्याळ आहे आणि ज्याचा व्हिडिओ मी तुम्हाला पाठवला होता, त्यात रोज दुपारी बारा वाजता सात राजपुरुषांच्या बाहुल्या मधल्या सम्राटाभोवती फिरून त्याला वंदन करतात. तो सम्राट चौथा कार्ल. १३५६ साली त्याने काढलेल्या राजाज्ञेच्या स्मरणार्थ ते घड्याळ सोळाव्या शतकाच्या आरंभी बसवले गेले. त्याची राजधानी प्राग होती. १३४८ साली त्याने तिथे विद्यापीठ स्थापन केले आणि १३५७ साली व्लतावा नदीवरच्या दगडी पुलाचा पाया घातला. या दोन शहरांना जोडणाऱ्या त्या काळच्या व्यापारी मार्गाला आजही सुवर्णमार्ग म्हणतात. आमची बस साधारण त्याच दिशेने गेली.

आता घड्याळ. ते जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्याला दक्षिणेकडून लावलेले आहे. काडान गावच्या मिकुलाश नावाच्या कारागिराने ते १४१० साली घडवले, आणि त्यामागचे गणित विद्यापीठातल्या यान शिंडेल या ज्योतिर्विदाचे होते, असे मानले जाते. पुढे कित्येक शतके त्याचे श्रेय हनुश नावाच्या दुसऱ्याच कारागिराला दिले जात होते, आणि त्याने असे घड्याळ इतरत्र करू नये म्हणून नगरपरिषदेने त्याचे डोळे काढले, अशी कथा लोक अजून सांगतात. ती केवळ दंतकथा आहे, हे वाचून मला बरे वाटले. आजही चालू असलेल्या खगोलीय घड्याळांमध्ये, म्हणजे वेळेबरोबर सूर्य-चंद्राची स्थितीही दाखवणाऱ्या घड्याळांमध्ये, हे सर्वांत जुने आहे.

दर तासाला खाली मोठी गर्दी जमते. ठोके पडण्याच्या वेळी उजवीकडचा हाडांचा सापळा एका हाताने घंटेची दोरी ओढतो आणि दुसऱ्या हातातले वाळूचे घड्याळ उचलतो. वरच्या दोन छोट्या खिडक्या उघडून येशूचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देतात. डावीकडे आरसा घेतलेला गर्विष्ठ आणि पैशांची थैली धरलेला कृपण माना हलवत राहतात. शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सगळे मिनिटाभरात आटोपते आणि लोक फोन खाली करून पांगतात. मला मात्र खरे पाहण्यासारखे त्यानंतर दिसले, कारण गर्दी ओसरल्यावरच वरच्या मोठ्या तबकडीपुढे निवांत उभे राहता आले.

बाबा, त्या एका तबकडीवर तीन प्रकारची वेळ दिसते. रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ. बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी जुन्या वळणाचे एक ते चोवीस आकडे आहेत, ती जुनी चेक वेळ. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथूनच पुढचे तास मोजले जातात. सूर्यास्त रोज पुढेमागे होत असल्यामुळे ते कडेही वर्षभर थोडे थोडे पुढेमागे सरकत असते. आम्ही संध्याकाळी सहाला तिथे उभ्या होतो आणि सूर्य मावळायला सुमारे तीन तास अवकाश होता. काट्याच्या टोकाचा सोनेरी हात एकवीसच्या आसपास होता. तिसरी वेळ तबकडीच्या निळ्या भागावरच्या वक्र रेषांवर वाचायची असते. उगवतीपासून मावळतीपर्यंत दिनमानाचे बारा समान भाग करायचे, मग उन्हाळ्यात तास लांबतो आणि हिवाळ्यात आखडतो. आपले प्रहर जसे दिनमानाप्रमाणे कमीजास्त होतात, तसेच हे आहे. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलत असे, हे मी दीदीला समजावून सांगत होते, तेव्हा शेजारी उभे असलेले एक वृद्ध जर्मन गृहस्थही ऐकत थांबले आणि त्यांनी मला पंचांग म्हणजे काय, हे नीट विचारून घेतले.

त्याच तबकडीवर राशींचे एक लहान कडे केंद्रापासून बाजूला सरकवून बसवलेले फिरते. मेष, वृषभ, मिथुन ही सगळी ओळखीची चित्रे आहेत. तिथे सूर्य मिथुनेत होता, आपल्याकडे तो अजून वृषभेत आहे. त्यांची गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आणि आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजलेली, म्हणून सुमारे २४ अंशांचा फरक पडतो. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी असा एक पोकळ गोळा आहे आणि तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. त्याला फिरवणारे वजन त्या गोळ्याच्या पोटातच बसवलेले आहे.

या सगळ्याच्या मागे चालते काय, हा तुमचा प्रश्न होता. मूळ रचनेत एकाच आसावर तीन मोठी दातेरी चाके आहेत आणि ती एकसारख्या लहान चाकांनी फिरतात. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६ आणि तिसऱ्याला ३७९. पहिले चाक राशींचे, दुसरे सूर्याचे, तिसरे चंद्राचे. हे वाचल्यावर मी परतीच्या बसमध्ये कागदावर आकडेमोड केली. सूर्याच्या चाकाचे ३६५ फेरे होतात तेवढ्यात राशींच्या चाकाचे ३६६ होतात, म्हणजे वर्षात नक्षत्रांचा एक फेरा अधिक, जसा तो आकाशात खरोखर असतो. चंद्राचे चाक एका फेऱ्याला सुमारे २४ तास ५१ मिनिटे घेते आणि आकाशातला चंद्रही रोज सरासरी जवळपास तेवढाच उशिरा येतो. दुर्बिणीचा शोध लागण्याच्या दोनशे वर्षे आधी, केवळ दाते मोजून केलेले हे काम आहे. भिंग डोळ्याला लावून तुम्ही एखाद्या चाकाचे दाते माझ्याकडून मोजवून घेत होतात, तेव्हा मी कंटाळत असे. त्या चौकात उभी असताना मला ते मोजणे फार मोलाचे वाटले.

हे घड्याळ सहाशे वर्षे अखंड चाललेले नाही, हेही सांगायला हवे. अनेकदा ते बंद पडले आणि एकदा तर ते मोडीत काढण्याचा विचार झाला होता. १८६५-६६ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि खालची महिन्यांची चित्रे असलेली दिनदर्शिकेची तबकडी योझेफ मानेस या चित्रकाराने तेव्हा रंगवली. तिथे आता तिची प्रतिकृती आहे. पुढे मे १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरभवन पेटले आणि लाकडी शिष्य जळून गेले. ते पुन्हा कोरून घड्याळ १९४८ साली सुरू झाले, तेव्हा त्याला विजेची यंत्रणा जोडली होती. आणि २०१८ च्या दुरुस्तीत ती विजेची यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातली जुनी यांत्रिक रचना पुन्हा बसवण्यात आली. बाबा, हे वाक्य मी माहितीफलकापुढे उभी राहून पुन्हा पुन्हा वाचले. नगरभवनाची जी बाजू जळाली ती मात्र पुन्हा बांधलेली नाही. तिथे मोकळी जागा तशीच ठेवली आहे आणि तुटलेली भिंत कडेला उभी दिसते.

तिकीट काढून आम्ही आतल्या छोट्या प्रार्थनामंदिरात गेलो. तिथून ते शिष्य आतल्या बाजूने, अगदी हाताच्या अंतरावर, फिरताना दिसतात. लाकडावरच्या छिन्नीच्या खुणा आणि कपड्यांच्या चुण्यांमधला रंग स्पष्ट दिसत होता. मुख्य यंत्र पाहायला मिळत नाही, याचे वाईट वाटले.

किल्ला, त्यातले चर्च आणि नदीवरचा पूल यांचे फोटो पाठवले आहेतच. ते चर्च बांधायला १३४४ साली घेतले आणि १९२९ साली पूर्ण झाले. पूल ५१६ मीटर लांब असून त्याच्या कठड्यांवर तीस शिल्पे आहेत. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही रविवारी सूर्य उगवताना गेलो आणि तेव्हा तो खरोखर सुंदर होता.

रविवारी आम्ही ज्यू लोकांच्या जुन्या वस्तीतल्या पिंकास प्रार्थनागृहात गेलो. शनिवारी ते बंद असते. आई, तिथे आत गेल्यावर आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही. भिंतींवर जमिनीपासून वरपर्यंत फक्त नावे लिहिलेली आहेत. नाझींनी मारलेल्या चेक आणि मोराव्हियन ज्यूंची ही सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार नावे, गावानुसार, लहान हस्ताक्षरात, आडनाव लाल आणि पुढचे काळ्या रंगात, सोबत जन्माची आणि शेवटची ज्ञात तारीख. १९५४ ते १९५९ मध्ये ती प्रथम लिहिली गेली. १९६८ नंतर भिंतीत पाणी मुरते म्हणून ते स्थळ बंद झाले, बंदच ठेवले गेले आणि नावे नष्ट झाली. साम्यवादी राजवट गेल्यावर १९९२ ते १९९६ मध्ये ती सगळी, एकेक करून, पुन्हा लिहिण्यात आली. मी एका भिंतीजवळ जाऊन पाहिले, तर एकाच आडनावापुढे आजोबांपासून नातवापर्यंतची नावे ओळीने होती आणि शेवटची तारीख बहुतेकांची एकच होती.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळवस्तीतल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई तिथे मुलांना चोरून चित्रकला शिकवत. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले, पण त्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन बॅगांत भरून त्यांनी मागे ठेवली. घर, फुलपाखरू, जेवणाचे टेबल अशी ती चित्रे आहेत. तू बालवाडीत शिकवतेस, म्हणून तुला हे मुद्दाम लिहिते आहे. तुझ्या वर्गातली मुले जी चित्रे काढतात, त्यांत आणि यांत काही फरक नाही.

निघण्यापूर्वी दीदीच्या आग्रहाने आम्ही देय्वित्से भागात गेलो. तिथे रवींद्रनाथ ठाकूर यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळाही आहे. ते १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२६ मध्ये प्रागला आले होते. दीदीने पुतळ्यापुढे चप्पल काढून नमस्कार केला. परतताना सीमेवर जर्मन पोलिसांनी बसमध्ये येऊन सगळ्यांची कागदपत्रे तपासली. माझे पारपत्र आणि निवासपरवाना दोन्ही जवळ होते, त्यामुळे काही अडचण आली नाही.

बाबा, आता एक विनंती. लंबकाची घड्याळे हल्ली कोणी दुरुस्तीला आणत नाही, म्हणून पोवई नाक्यावरचे दुकान भाड्याने द्यावे आणि हत्यारे कोणाला तरी देऊन टाकावीत, असे तुम्ही गेल्या महिन्यात म्हणालात. दुकानाचा निर्णय तुम्ही आणि आई मिळून घ्या, त्यात मी बोलणार नाही. परंतु आजोबांची लेथ, चाकांचे दाते कापायची कटरे आणि सुट्या चाकांचे ते लाकडी खण मी डिसेंबरमध्ये येईपर्यंत कोणालाही देऊ नका. मी तीन आठवड्यांची रजा मागितली आहे. त्या काळात लंबकाचे एक घड्याळ पूर्ण उकलून पुन्हा बसवायला तुम्ही मला शिकवावे, आणि प्रत्येक टप्पा मी वहीत लिहून काढावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या तीन चाकांची आकृती मी काढून सोबत जोडली आहे. ३७९ हा आकडा एक आणि तो स्वतः सोडून कोणत्याही संख्येने भागला जात नाही, तर इतके दाते त्या काळी समान अंतरावर कसे आखले असतील, हे मला उमगत नाही. तुम्हाला काय वाटते ते सवडीने कळवा.

आजीच्या गुडघ्यासाठी मलम पाठवले आहे. तिला आणि काकांना नमस्कार सांगा, धाकट्याला आशीर्वाद.

कळावे.

आपली आज्ञाधारक,
लेक