बुलवेलच्या बर्टींची गोष्ट

नॉटिंगहॅम, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या थोरल्याच्या गुडघ्यातल्या लिगामेंटची (हाडे जोडणाऱ्या बंधाची) शस्त्रक्रिया नीट पार पडली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण फुटबॉल सुटला तर पुढे काय, या धास्तीने तो कोणाशी बोलेनासा झाला आहे, हे तू शेवटच्या दोन ओळींत लिहिलेस, आणि मन तेथेच अडकून राहिले. त्याला सांगण्यासारखी एका माणसाची गोष्ट माझ्याजवळ आहे, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

माझ्या घरापासून ट्रामने उत्तरेकडे निघाले की बुलवेल लागते. 25 डिसेंबर 1918 रोजी तेथे बर्टी मी यांचा जन्म झाला. आडनाव 'मी' असल्यामुळे मराठीत लिहिताना घोटाळा होतो, तेव्हा मी त्यांना नुसते बर्टी म्हणतो. ते विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारे फुटबॉलपटू होते. डर्बी कौंटीने त्यांना घेतले, पण खेळायला मिळाले ते मुख्यतः खालच्या विभागातल्या मॅन्सफील्ड टाउनकडून. मग महायुद्ध आले आणि पुढे दुखापतीने खेळ कायमचा संपवला. मॅन्सफील्डच्या जुन्या विंगरची आठवण कोणी ठेवली असती असे मला वाटत नाही. पण लष्कराच्या वैद्यकीय दलातल्या सहा वर्षांत ते फिजिओथेरपी शिकले, सार्जंट झाले, आणि बाहेर पडल्यावर निरनिराळ्या क्लबांत खेळाडूंचे पाय दुरुस्त करू लागले.

हे काम त्या काळी कसे चालत होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर माझा गुडघा फिरला, तेव्हा एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाने तो चोळून 'बसवला' आणि उत्तरार्धात मला पुन्हा मैदानात उतरवले; मला खांदा देऊन घरी नेणारा तूच होतास. इंग्लंडमध्येही जुना, निवृत्त खेळाडूच ट्रेनर व्हायचा आणि त्याचे शस्त्र म्हणजे गार पाण्याची बादली नि स्पंज. त्याला तरी दोष कसा द्यावा? लीगच्या सामन्यांत बदली खेळाडूच नव्हता. तो 1965 साली आला, आणि सुरुवातीला फक्त दुखापतीपुरता. म्हणजे जायबंदी माणूस बाहेर गेला की संघ दहाचा. 1956 साली एफ.ए. कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटची सुमारे सतरा मिनिटे खेळले, आणि मान मोडली आहे हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळले. लोक आजही ती शौर्यकथा म्हणून सांगतात. ऐकताना मला प्रत्येक वेळी भीतीच वाटते.

1960 साली लंडनच्या आर्सेनल क्लबने बर्टींना फिजिओ म्हणून नेमले. ते कडक शिस्तीचे होते. दुखापत म्हणजे सुट्टी, ही समजूत त्यांच्या खोलीत चालत नसे. पाय प्लास्टरमध्ये असला तरी उरलेल्या शरीराला काम लावता येते, हे त्यांनी लष्कराच्या पुनर्वसनात शिकून घेतले होते. मला यातले मर्म वेगळे दिसते. जायबंदी खेळाडूला वेदनेपेक्षा एकटेपणा खातो: बाकीचे सरावाला जातात आणि आपण संघाचे उरलो नाही असे वाटू लागते. त्याला दिवसभराचे काम दिले की तो पुन्हा संघाचा होतो. माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे शेकडो वेळा पाहिले आहे.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. 1966 साली क्लबने याच फिजिओला व्यवस्थापक केले. त्यांनी स्वीकारले, पण वर्षभरात जमले नाही तर आपले जुने काम परत मिळावे, अशी अट घालून. ही अट मला फार आवडते. त्या खोलीतले काम त्यांना कमी प्रतीचे वाटत नव्हते, याचा तो पुरावाच आहे. 1971 साली त्यांच्या संघाने लीग आणि एफ.ए. कप दोन्ही जिंकले. कपचा विजयी गोल जादा वेळेत चार्ली जॉर्ज यांनी मारला, आणि त्याच हंगामाच्या पहिल्याच सामन्यात एव्हर्टनविरुद्ध त्यांचा घोटा मोडला होता! त्या गोलाची छायाचित्रे सगळे पाहतात. मला मात्र मधले महिने दिसतात, रोज थोडा थोडा भार सोसायला शिकणारा तो घोटा दिसतो.

हा मार्ग बर्टींबरोबर संपला नाही. गॅरी लुइन आर्सेनलकडे शिकाऊ गोलरक्षक होते. क्लबने सोडल्यावर लीगबाहेरच्या बार्नेटकडून खेळता खेळता त्यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले आणि 1986 पासून बावीस वर्षे आर्सेनल सांभाळले. 2007 च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीचे जॉन टेरी डोक्याला लाथ लागून बेशुद्ध पडले, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे असूनही त्यांच्या श्वासासाठी धावणाऱ्यांत लुइन होते. आता येथे 'फिजिओथेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, पदवी आणि नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आणि निवृत्त व्यावसायिक खेळाडूंना ही पदवी घेता यावी म्हणून खेळाडूंची संघटना सॅल्फर्ड विद्यापीठाच्या मदतीने व्यवस्था करते.

तेव्हा थोरल्याला आत्ताच 'तू फिजिओ हो' असे सांगू नकोस. त्याच्या मनात अजून खेळ आहे, आणि तो परत येऊही शकतो. फक्त नऊ महिने पुरे होण्याआधी, तालमीतल्या कोणी कितीही आग्रह केला तरी, त्याला सामन्यात उतरू देऊ नकोस. नवे लिगामेंट बाहेरून बरे दिसते त्याच्या फार नंतर आतून पक्के होते. रोजचे व्यायाम तो वहीत लिहून ठेवू दे, आणि दर रविवारी ते पान मला फोटो काढून पाठवू दे. मी प्रत्येक पानाला उत्तर देईन.

वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक