कोल्हापूर–नागपूर: अंतर किती आणि वेळ किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रवास पुरवणीत राज्यातील विमानतळांमधील अंतरांचा आणि उड्डाणवेळांचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात कोल्हापूर ते नागपूर हे अंतर ३७८ किमी आणि वेळ ४५ मिनिटे दिली आहे. हे दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

कोल्हापूरचे उजळाईवाडी आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७०० किमी आहे. तक्त्यातील ३७८ हा आकडा हवेतून आलेला नाही. तो सागरी मैलांचा आहे. वैमानिक आणि हवाई नियंत्रक याच मापात बोलतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. आकडा उचलताना पुढचे एकक बदलले गेले, आणि निम्मा महाराष्ट्र नकाशावरून नाहीसा झाला.

वेळेची गोष्ट याहून नाजूक आहे. अंतराला विमानाच्या वेगाने भागले की उड्डाणाची वेळ निघते, हा समज सर्वत्र आढळतो. ताशी ५०० किमीच्या आसपास जाणाऱ्या पंख्याच्या विमानाला ७०० किमी सरळ कापायलाच जवळपास दीड तास लागेल, आणि छोट्या जेटलाही तासाच्या आत हा प्रवास पुरा करणे अवघड आहे; कारण चढताना आणि उतरताना तो वेग मिळत नाही, मार्ग ठरलेल्या हवाई वाटांनी जातो, आणि तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे नागपूरकडे जाताना जे साधते ते परतताना साधत नाही.

हा काही हौशी हिशेब नव्हे. माझ्या भाच्याला परीक्षेसाठी नागपूरमार्गे वर्ध्याला जायचे होते. गाड्या लवकर भरतात म्हणून त्याने आपला तक्ता समोर ठेवून पुढच्या रेल्वेचे आरक्षण आधी केले आणि विमानाचे तिकीट नंतर पाहिले. विमान पोहोचण्याच्या वेळेला त्याची गाडी नागपुरातले अजनी स्टेशन सोडून गेलेली असणार होती. आरक्षण रद्द झाले, पैसे कापले गेले, आणि दुसऱ्या गाडीत त्याला प्रतीक्षा यादीत थांबावे लागले.

महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेत एका अहोरात्राहून अधिक काळ बसणाऱ्या माणसाला विमानाचा खरा वेळ कळणे गरजेचे आहे. तो दीड-दोन तास असला तरी त्याला कमी वाटणार नाही. शिवाय केंद्र सरकारच्या 'उडान' या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेत विमानाच्या सवलतीच्या भाड्याची कमाल मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर ठरवलेली आहे, त्यामुळे चुकीचा आकडा वाचून प्रवाशाचा भाड्याचा अंदाजही चुकतो.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती. तसे करताना अंतराच्या रकान्यात 'सरळ हवाई अंतर, किमी' असे स्पष्ट लिहावे, वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून घ्यावी, आणि विमानतळ गावापासून किती किमीवर आहे याचाही एक रकाना ठेवावा. नाशिकचे विमानतळ ओझरला आहे आणि सिंधुदुर्गचे चिपीला, हे बाहेरच्या प्रवाशाला ठाऊक नसते. तिथे उतरल्यावर रिक्षा शोधण्याची वेळ येते तेव्हाच ते कळते.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर