वॅटचा आकडा नको, कॉइल पाहा

संपादक महोदय,

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली. सिगारेट सोडण्यासाठी त्यांचा आधार घेतलेल्या तिथल्या मराठी मंडळींपुढे आता वॅट कमी-जास्त करता येणारे, पुन्हा भरायचे व्हेप आहेत. दुकानात शंभर वॅट, दोनशे वॅट असे आकडे झळकतात आणि नवखा माणूस त्यांनाच भुलतो. (जो सिगारेट ओढत नाही त्याने या वाटेला जाऊच नये. निकोटिनचे व्यसन व्हेपनेही लागते.)

पाहायची ती कॉइल, म्हणजे निकोटिनचे लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी, कापूस भरलेली तार. सिगारेटची सवय असलेला माणूस झुरका आधी तोंडात घेतो, मग छातीत ओढतो. त्याला १ ओहमच्या (ओहम म्हणजे तारेच्या विद्युतरोधाचे माप) आसपासची कॉइल आणि १० ते १६ वॅट भरपूर झाले. ही कॉइल १२ वॅटवर बॅटरीतून साडेतीन अँपिअर घेते. ०.२ ओहमची कॉइल ६० वॅटवर लावली, की व्होल्टेज तेवढेच राहते, पण करंट सतरा अँपिअरच्या पुढे जातो. बॅटरी लवकर उतरते, लिक्विड भराभर संपते आणि एका झुरक्यात निकोटिनही कितीतरी जास्त जाते. ब्रिटनमध्ये कायद्याने प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन चालते. तेवढे कडक लिक्विड अशा कमी ओहमच्या कॉइलमध्ये घातले, तर चक्कर आणि मळमळ ठरलेली. अशा कॉइलला ३ ते ६ मिलिग्रॅमचेच घ्यावे.

सर्वाधिक तक्रार जळक्या चवीची असते. कॉइलमधला कापूस लिक्विड शोषतो त्यापेक्षा तार ते वेगाने उडवू लागली, की कापूस कोरडा पडून करपतो. म्हणून नवी कॉइल बसवताना कापसावर लिक्विडचे चार-पाच थेंब टाकावेत, टाकी भरून दहा मिनिटे तशीच ठेवावी, कॉइलवर कोरलेल्या वॅटच्या मर्यादेतील सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि एकेक वॅट वाढवत जावे. लागोपाठ झुरके घेऊ नयेत. एकदा करपलेली कॉइल वॅट उतरवून सुधारत नाही, ती बदलावीच लागते. घट्ट लिक्विडनेही हेच होते: १ ओहमच्या कॉइलला व्हीजी (घट्ट व्हेजिटेबल ग्लिसरीन) आणि पीजी (पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल) निम्मे-निम्मे असलेले चालते, ७० टक्के व्हीजीचे कापसात पुरेसे मुरत नाही. भरताना टाकीच्या मधल्या नळीत लिक्विड गेले, तर ते तोंडात येते.

पहिला व्हेप आतल्या बॅटरीचाच घ्यावा. वॅटचे बटण लॉक होते का आणि त्याच्या कॉइल जवळच्या दुकानात मिळतात का, हे आधी विचारावे. सुट्या १८६५० मापाच्या बॅटरीचे वेष्टन फाटलेले असले किंवा ती खिशात किल्ल्यांबरोबर राहिली, तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. ती प्लास्टिकच्या डबीतच ठेवावी.

भारतात येताना मात्र व्हेप आणूच नये. २०१९ च्या कायद्याने त्याची आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुट्टीच्या दिवसांत तलफ आवरायला निकोटिनचा च्युइंगम आहे. २ मिलिग्रॅमचा आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतो.

– एक वाचक