तंबू आवरताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आवरायचं काय त्यात, गुंडाळला की झालं." ते काही माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

माझा पहिला तंबू मी असाच गुंडाळला होता. पहाटे पाऊस पडून गेलेला, सगळ्यांना निघायची घाई. ओला तसाच पिशवीत कोंबला, घरी येऊन माळ्यावर टाकला आणि वर्षभर त्याची आठवणही काढली नाही. उघडला तेव्हा कुबट वासाने मागे सरले. शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते, तळाचं कापड डिंक लावल्यासारखं बोटांना चिकटत होतं. त्या कापडावर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप असतो. ओल आणि ऊब लागत राहिली की तो विरघळल्यासारखा होऊन सुटतो. मी धुतला, उन्हात टाकला, काही उपयोग झाला नाही. फार रडले होते गं तेव्हा.

पाऊस नसला तरी फसू नकोस. रात्रभराच्या तुमच्या श्वासाची वाफ थंड पडलेल्या फ्लायवर, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आवरणावर, आतून थेंब होऊन बसते. उठल्याबरोबर फ्लाय काढून झटक, फडक्याने पूस आणि चहापाणी होईतो कुठेतरी पसरून ठेव. आतला तंबू रिकामा करून उलटा कर. सगळ्यात जास्त ओल तळाला असते आणि तिकडेच कुणी बघत नाही. वेळच नसेल तर ओली फ्लाय वेगळ्या पिशवीत घाल, कोरड्या भागाला लागू देऊ नकोस.

पोल, म्हणजे तंबूच्या जोडकाठ्या, कापडाच्या बाहीतून ओढायचे नाहीत, ढकलायचे. ओढले की सांधे मधेच सुटतात आणि त्या फटीत कापड चिमटून फाटतं. दुमडताना मधल्या सांध्यापासून सुरुवात कर, म्हणजे आतल्या इलॅस्टिक दोरीवर दोन्हीकडून सारखा ताण येतो. घट्ट बसलेली खुंटी हाताने उपटत बसू नकोस, दुसऱ्या खुंटीचा आकडा तिच्यात अडकवून ज्या कोनात ठोकली त्याच कोनात ओढ. माती पुसून, मोजून मगच पिशवीत.

गुंडाळताना दाराची चेन थोडी उघडी ठेव आणि दाराच्या दिशेने गुंडाळत ये, हवा निघून जाते. दरवेळी त्याच घडीवर दुमडू नकोस, लेप तिथेच तडकतो.

आणि घरी आलीस की कितीही दमलेली असलीस तरी त्याच संध्याकाळी तो पिशवीतून बाहेर काढ. सावलीत, वाऱ्यावर टाक. कडक ऊन नको, नायलॉन त्याने कमजोर होतं. शिवणी हाताने चाचपून बघ, कापड वाळलं तरी त्या ओल्या राहतात. पूर्ण वाळला की छोट्या पिशवीत परत कोंबायचा नाही, सैलसर ठेवायचा. त्यासाठी मोठी सुती पिशवी शिवली आहे, तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

तुझी,
आई